राल्फ बंच: युद्ध थांबवायला गेलेला राज्यशास्त्राचा प्राध्यापक (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी बी.ए.च्या मुलांना आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवते. दरवर्षी जूनमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो, मॅडम राज्यशास्त्र घेऊन पुढे करायचं काय, एमपीएससी सोडून? मी दरवर्षी राल्फ बंच यांची गोष्ट सांगते आणि मग तासभर प्रश्नच प्रश्न येतात. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत, मुलं विचारतात तशाच भाषेत.

राल्फ बंच कोण होते, थोडक्यात सांगा ना

अमेरिकेतले राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९४९ साली इस्रायल आणि त्याचे चार अरब शेजारी यांच्यात ज्या शस्त्रसंधी झाल्या त्या घडवून आणणारे युनोचे मध्यस्थ. त्यासाठी १९५० चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं आणि कुठल्याही विषयातलं नोबेल मिळालेले ते पहिले कृष्णवर्णीय. पुढे युनोच्या शांतिसेना उभ्या करण्याचं बरंचसं काम त्यांच्याच टेबलावरून झालं. आपल्या पाठ्यपुस्तकात शांतिसेनेवर उतारा असतो पण त्यात हे नाव सहसा नसतं, आणि मला ते खटकतं.

जन्म १९०३ चा की १९०४ चा? दोन्ही सापडतं

ते स्वतः ७ ऑगस्ट १९०४ सांगायचे, कागदपत्रं १९०३ म्हणतात. गाव डेट्रॉइट. आता बरेच अभ्यासक १९०३ धरतात.

घरची परिस्थिती कशी होती?

वडील केशकर्तनाच्या दुकानात कामाला होते, आणि त्या दुकानात गिऱ्हाईकं फक्त गोरी. आईला गाण्याबजावण्याची आवड होती पण तब्येत नाजूक, म्हणून कोरड्या हवेसाठी कुटुंब न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला गेलं आणि तिथेच १९१७ मध्ये आई वारली. वडील आधीच दूर गेलेले. मग आजीने, आईच्या आईने, नातवंडांना घेऊन लॉस एंजेलिस गाठलं.

ही आजी म्हणजे या सगळ्या गोष्टीचा कणा आहे असं मला वाटतं. तिचं नाव लुसी जॉन्सन, घरात सगळे नाना म्हणायचे, गुलामगिरीच्या काळात जन्मलेली बाई. शाळेने राल्फला हाताने काम करायच्या कोर्सला टाकलं होतं, कारण काळ्या मुलांना पुढे तेवढंच जमणार असं धरून चालायचे. आजी शाळेत गेली आणि म्हणाली, माझा नातू कॉलेजला जाणार आहे, त्याला कॉलेजला जाणाऱ्यांचे विषय द्या. झालं, विषय बदलले. १९२२ ला जेफरसन हायस्कूलमधून तो पहिला आला, तरी शहरातल्या हुशार मुलांच्या मानाच्या मंडळात त्याला घेतलं नाही, कारण रंग. निरोपाच्या वेळी मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले की आम्ही राल्फला कधी निग्रो मानलंच नाही, तर आजीने त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, की हा आमच्या अख्ख्या समाजाचा अपमान आहे आणि आम्हाला आमचा अभिमान आहे. आपल्याकडे «तू त्यांच्यातला वाटत नाहीस» हे वाक्य किती जणांनी ऐकलंय ते वर्गात हात वर करायला सांगा, कळेल.

हार्वर्डला कसे पोचले? पैसे कुठून आले?

पेपर विकले, एका सिनेनटाच्या घरी पोऱ्या म्हणून राहिले, गालिचे बसवणाऱ्या कंपनीत काम केलं. आज ज्याला यूसीएलए म्हणतात त्या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकले, तिथे बास्केटबॉल खेळायचे, खेळाची स्कॉलरशिप होती आणि जोडीला झाडलोटीची नोकरी. १९२७ ला तिथेही पहिले. हार्वर्डने फीची सोय केली, पण राहायचं खायचं काय? तर लॉस एंजेलिसमधल्या काळ्या वस्तीतल्या लोकांनी, त्यात बायकांच्या मंडळाचा पुढाकार होता, वर्गणी काढून एक हजार डॉलर जमवून दिले. १९२८ ला एम.ए. झालं.

पीएचडी कशावर होती?

हा प्रश्न मुलं उगाच विचारतात पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीच्या वसाहती जेत्या देशांनी घेतल्या, पण म्हणताना वसाहत म्हटलं नाही, मँडेट म्हटलं. म्हणजे राष्ट्रसंघाच्या (युनोच्या आधीची जागतिक संघटना, मुख्यालय जिनिव्हाला) वतीने आम्ही हा प्रदेश सांभाळतोय, इथल्या लोकांचं भलं करायची आमच्यावर जबाबदारी आहे, आणि दरवर्षी जिनिव्हाला त्याचा अहवाल पाठवू. पश्चिम आफ्रिकेत फ्रान्सकडे टोगोलँड होता तो असा मँडेट, आणि त्याला अगदी चिकटून दाहोमी (आजचा बेनिन) ही फ्रान्सची साधी जुनी वसाहत. एकच मालक, शेजारशेजारचे दोन प्रदेश, एकावर जगाची देखरेख आणि दुसऱ्यावर नाही. बंचनी विचारलं की मग फरक पडला का? टोगोतल्या माणसाचं आयुष्य दाहोमीतल्या माणसापेक्षा बरं झालं का?

किती साधा प्रश्न आहे बघा. आणि उत्तर शोधायला ते १९३२ मध्ये पॅरिसला गेले, जिनिव्हाला गेले, तिथले अहवाल चाळले आणि मग प्रत्यक्ष टोगो आणि दाहोमीत गेले. रस्ते, शाळा, कर, वेठबिगार, कोर्टकचेऱ्या, सगळं शेजारी शेजारी ठेवून तपासलं. निष्कर्ष असा की रोजच्या जगण्यात फारसा फरक नाही. साहेब तेच, पद्धत तीच, जिनिव्हाला जाणारा अहवाल तेवढा छान. १९३४ साली हार्वर्डने पदवी दिली, त्या वर्षीच्या उत्तम प्रबंधाचं बक्षीसही दिलं, आणि अमेरिकन विद्यापीठातून राज्यशास्त्रात पीएचडी झालेले ते पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन ठरले.

आता हे लक्षात ठेवा, देखरेख कागदावर असून उपयोग नाही, कोणीतरी तिथे जाऊन बघायला पाहिजे. अकरा वर्षांनी हाच मुद्दा परत येणार आहे.

शिकवलं कुठे?

वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात, हार्वर्ड नव्हे, हे काळ्यांचं विद्यापीठ. १९२८ ला पंचविशीतले बंच तिथे रुजू झाले आणि राज्यशास्त्राचा विभागच त्यांनी सुरू केला, आधी तो नव्हता. गोऱ्यांच्या विद्यापीठात काळ्या प्राध्यापकाला नोकरी मिळणं त्या काळात जवळपास अशक्य, त्यामुळे सगळी हुशार माणसं हॉवर्डला एकत्र आली होती, समाजशास्त्राचे फ्रेझियर, अर्थशास्त्राचे अब्राम हॅरिस, तत्त्वज्ञानाचे अॅलन लॉक, कायद्याचे ह्यूस्टन. अध्यक्ष होते मॉर्डेकाय जॉन्सन, हे पुढे भारतात येऊन गेले आणि परत गेल्यावर त्यांनी गांधींवर दिलेलं भाषण १९५० मध्ये तरुण मार्टिन ल्यूथर किंगने ऐकलं, तो धागा वेगळा आहे पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

बंच यांची पत्नी रूथ हॅरिस, आधी त्यांची विद्यार्थिनी होती, ती शाळेत शिकवायची. लग्न १९३० ला.

वंशाच्या प्रश्नावर त्यांचं मत काय होतं? आंबेडकरांशी काही संबंध येतो का?

तिशीत ते बरेच डावीकडे झुकलेले होते. १९३६ साली वंशाच्या जागतिक प्रश्नावर त्यांनी छोटं पुस्तक लिहिलं, सार असं की वंश नावाची गोष्ट विज्ञानात टिकत नाही, ती लोकांना लुटण्यासाठी पुढे केलेली सबब आहे, खरी भानगड पोटाची आणि मालकीची आहे. आयुष्यात पुढे त्यांनी स्वतःच या मांडणीपासून अंतर घेतलं. मला त्यातलं सगळं पटत नाही, कारण पोटाचा प्रश्न सुटला तरी शिवाशिव जात नाही हे आपण महाराष्ट्रात बघितलेलं आहे, पण तो काळ मंदीचा होता आणि सगळीकडे लोक रांगा लावून उभे होते हे लक्षात घ्यायला हवं.

त्याच १९३६ मध्ये नॅशनल निग्रो काँग्रेस नावाची संघटना उभी राहिली, तिच्या स्थापनेत बंच होते. नंतर तिच्यावर कम्युनिस्ट पक्षाचा ताबा आला असं वाटून १९४० ला बाजूला झाले. आणि आता बाबासाहेबांचा संबंध. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकन विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं की तुमच्याकडच्या निग्रोंनी युनोकडे अर्ज केल्याचं वाचलं, आमचे अस्पृश्यही तसाच विचार करतायत, तर त्या अर्जाच्या दोनतीन प्रती मिळतील का. डु बॉइसनी उत्तरासोबत जो अर्ज पाठवला तो याच नॅशनल निग्रो काँग्रेसचा. बंच तेव्हा त्या संघटनेत नव्हते, त्यांचा आणि बाबासाहेबांचा थेट संबंध मी जोडत नाहीये, पण त्यांनी सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या संघटनेचा कागद दादरच्या राजगृहातल्या माणसाने मागवावा हे मला फार मोठं वाटतं.

राज्यशास्त्राचा माणूस मानववंशशास्त्र शिकायला का गेला?

कारण त्यांना वाटलं की आपण फक्त राज्यकर्त्यांची बाजू शिकलो, ज्यांच्यावर राज्य होतं त्यांच्याकडून बघायला शिकलो नाही. म्हणून १९३६ ते ३८ या काळात शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नला, मग लंडनला मालिनोव्स्की या नामवंत मानववंशशास्त्रज्ञाकडे आणि नंतर केप टाऊनला गेले. लंडनमध्ये त्यांना स्वाहिली शिकवायला कोण होतं? जोमो केन्याटा, पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले ते. दक्षिण आफ्रिकेत तीन महिने फिरले, रोज वही लिहायचे.

पीएचडी झालेला, विभागप्रमुख असलेला माणूस परत विद्यार्थी होऊन बाकावर बसतो. आपल्याकडे पीएचडी झाली की वाचन बंद होतं असं सरसकट म्हणणार नाही, पण हे उदाहरण मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवावं असं आहे.

परत आल्यावर स्वीडिश अर्थतज्ज्ञ गुन्नार मिर्दाल यांच्याबरोबर अमेरिकेतल्या वंशभेदाच्या मोठ्या पाहणीवर काम केलं. दोघं दक्षिणेकडच्या राज्यांत गाडीने फिरले, मिर्दाल कोणालाही काहीही विचारायचे आणि त्या भागात तसले प्रश्न विचारणं जिवावर बेतू शकत होतं. बंचनी या पाहणीसाठी लिहिलेली टिपणं हजारो पानांची आहेत.

सरकारी नोकरीत कधी आणि का गेले?

१९४१. युद्ध आलं, अमेरिकेच्या गुप्तवार्ता विभागाला आफ्रिका माहीत असलेला माणूस हवा होता आणि असा माणूस शोधायला गेलं तर नाव एकच निघायचं. तिथून १९४४ ला परराष्ट्र खात्यात. युद्धानंतरच्या जगात वसाहतींचं काय करायचं यावर कागद तयार करायचं काम, आधी डंबार्टन ओक्सची बैठक, जिथे युनोचा आराखडा ठरला, आणि मग १९४५ च्या एप्रिल ते जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्को, जिथे युनोची सनद लिहिली गेली.

सनदेतली अकरावी, बारावी, तेरावी प्रकरणं उघडून बघा, अजून स्वातंत्र्य न मिळालेल्या प्रदेशांबद्दलची आणि विश्वस्त व्यवस्थेबद्दलची, म्हणजे मँडेटच्या जागी आलेल्या पद्धतीबद्दलची. ती प्रकरणं लिहिणाऱ्यांत बंच होते. आणि त्यात राष्ट्रसंघाच्या मँडेट पद्धतीत नसलेली एक गोष्ट आहे, युनोची माणसं अधूनमधून त्या प्रदेशात प्रत्यक्ष जाऊन पाहणी करतील. टोगोचा प्रबंध आठवला का? मी हे शिकवताना प्रबंधाचा निष्कर्ष फळ्याच्या डावीकडे लिहिते आणि सनदेचं सत्त्याऐंशीवं कलम उजवीकडे, आणि मुलं आपोआप गप्प होतात. अकरा विश्वस्त प्रदेश झाले, टोगोलँड त्यातच होता, आणि शेवटचा पलाऊ १९९४ ला मोकळा झाला. १९४६ पासून युनोच्या विश्वस्त विभागाचे प्रमुख खुद्द बंच.

पॅलेस्टाईन त्यांच्याकडे कसं आलं?

पॅलेस्टाईन ब्रिटनकडे मँडेट म्हणून होतं. ब्रिटनने १९४७ मध्ये हात वर केले आणि प्रश्न युनोकडे टाकला. अकरा देशांची समिती नेमली, तिच्या सचिवालयात बंच. समितीत एकमत झालं नाही. बहुमत म्हणालं फाळणी करा. अल्पमत म्हणालं संघराज्य करा, एकच देश ठेवा, आणि या अल्पमतात इराण, युगोस्लाव्हिया आणि आपला भारत होता, भारताचे प्रतिनिधी न्यायमूर्ती अब्दुर रहमान. आता गंमत वाटेल अशी पण खरी गोष्ट, दोन्ही अहवालांचा मसुदा बंचनीच लिहिला. एकमेकांना छेद देणारे दोन अहवाल एकाच हाताने लिहिलेले, आणि दोन्ही बाजूंना वाटलं की आपलं म्हणणं नीट मांडलंय.

पुढे इस्रायल आणि अरब देशांत युद्ध पेटलं, मे १९४८ मध्ये स्वीडनचे काउंट बर्नाडोट युनोचे मध्यस्थ झाले आणि बंच त्यांचे मुख्य सहकारी. १७ सप्टेंबर १९४८ ला जेरुसलेममध्ये लेही या ज्यू अतिरेकी गटाने बर्नाडोट यांची गाडी अडवून त्यांना गोळ्या घातल्या. बंच त्या दिवशी गाडीत असणार होते, वाटेत उशीर झाला म्हणून नव्हते. शेजारी बसलेले फ्रेंच कर्नल सेरो मेले. आणि दुसऱ्याच दिवशी त्या जागेवर बंच.

ऱ्होड्स बेटावर नेमकं काय केलं त्यांनी?

१३ जानेवारी १९४९ ला ग्रीसच्या ऱ्होड्स बेटावरच्या एका हॉटेलात इजिप्त आणि इस्रायलची शिष्टमंडळं उतरली. इजिप्तचे लोक इस्रायलींबरोबर एका टेबलाला बसायला तयार नव्हते, कारण बसणं म्हणजे मान्यता देणं. मग बंच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, हा मसुदा तिकडे तो मसुदा इकडे, दिवसाचे अठरा वीस तास. हळूहळू आधी दोन प्रमुखांना स्वतःच्या खोलीत बोलावलं, मग सगळ्यांना एकत्र.

त्यांच्या काही युक्त्या मला पाठ झाल्यात. एक, सुरुवात सर्वात अवघड मुद्द्यापासून करायची नाही. पहिले काही दिवस फक्त चर्चेचे नियम आणि विषयपत्रिका, आणि तेसुद्धा सह्या करून, म्हणजे दोघांना एका कागदावर सही करायची सवय लागते. दुसरं म्हणजे «शांतता» हा शब्दच काढायचा नाही, आपण फक्त शस्त्रसंधीची रेषा ठरवतोय, कोणाचे सैनिक कुठे उभे राहतील एवढंच, बाकी हक्कबिक्क नंतर. मग संध्याकाळी बिलियर्ड्सचं टेबल, दोन्हीकडचे अधिकारी तिथे यायचे, बंच स्वतः छान खेळायचे. आणि मसुदा नेहमी आपण लिहायचा, दुसऱ्याला लिहू द्यायचा नाही, कारण कागद ज्याच्या हातात चर्चा त्याच्या हातात. ही शेवटची सवय मला विचाराल तर थेट विद्यापीठातून आलेली आहे, प्रबंध लिहिलेल्या माणसाला शब्द कुठे अडतो आणि कुठे सरकतो ते कळतं.

सगळ्यात जास्त गाडं अडलं पॅलेस्टाईनमधल्या फालुजा गावावर, तिथे इजिप्तची एक ब्रिगेड वेढ्यात अडकली होती, त्यात गमाल नासर नावाचा एक तरुण अधिकारीसुद्धा होता, पुढे इजिप्तचा राष्ट्राध्यक्ष झाला तो. त्यांना सन्मानाने बाहेर काढणं ही इजिप्तची अट आणि इस्रायलला तो हुकमाचा पत्ता सोडायचा नव्हता. कितीदा वाटाघाटी मोडायला आल्या.

थाळ्यांची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते. बंचनी तिथल्याच कुंभारांकडून रंगीत थाळ्या करून घेतल्या होत्या, ऱ्होड्सच्या वाटाघाटींची आठवण म्हणून. कंटाळून लोक परत जायला निघाले की ते कपाट उघडून थाळ्या दाखवायचे, सह्या केल्यात तर घरी न्यायला प्रत्येकाला एक, नाही केल्यात तर याच तुमच्या डोक्यात फोडतो.

२४ फेब्रुवारीला सह्या झाल्या. मग लेबनॉन २३ मार्च, जॉर्डन ३ एप्रिल, सीरिया २० जुलै. इराकने सही केली नाही.

पण ती शांतता टिकली कुठे? मग नोबेल कशाला?

हा प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. ती शांतता नव्हतीच, शस्त्रसंधी होती, आणि बंचनाही वाटत होतं की लवकरच याच्यावर खरा करार होईल, तो झाला नाही. सुमारे सात लाख पॅलेस्टिनी माणसं घरादाराला मुकली होती, त्यांचा प्रश्न ऱ्होड्सला सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही, रोज बातम्यांत दिसतंय. पण १९४९ च्या जानेवारीत गोळीबार चालू होता आणि जुलैत थांबला होता, आणि शस्त्रसंधीची ती रेषा, जिला हिरवी रेषा म्हणतात, १९५६ चं युद्ध सोडलं तर १९६७ पर्यंत टिकली. मधल्या काळात जी माणसं जगली त्यांना विचारलं असतं तर त्यांनी ते काम लहान म्हटलं नसतं असं मला मनापासून वाटतं.

नोबेल नाकारणार होते हे खरं?

हो. नकाराचं पत्र तयार केलं होतं, की युनोत आम्ही बक्षिसासाठी काम करत नाही. सरचिटणीस ट्रिग्वे ली म्हणाले की हे युनोच्या भल्याचं आहे, घ्या. मग १० डिसेंबर १९५० ला ऑस्लोला गेले. बक्षिसाच्या पैशातून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात घर घेतलं.

मोठं सरकारी पद का नाकारलं?

१९४९ ला ट्रूमन यांनी त्यांना परराष्ट्र खात्यात सहायक सचिव व्हा म्हणून सांगितलं. नाही म्हणाले. कारण उघड सांगितलं, वॉशिंग्टनमध्ये काळ्यांसाठी सगळं वेगळं आहे, हॉटेलं, शाळा, आणि तिथे बायकामुलांना घेऊन परत राहायची इच्छा नाही. त्यांच्या मुलींना घराजवळची गोऱ्यांची शाळा सोडून लांबच्या काळ्यांच्या शाळेत जावं लागलं होतं. जग ज्याला मध्यस्थ म्हणून बोलावतंय त्याला स्वतःच्या राजधानीत हे.

इथे मला सिडनहॅम कॉलेज आठवतं. १९१८ साली बाबासाहेब मुंबईत तिथे प्राध्यापक झाले, कोलंबियात शिकून आलेले, आणि स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. देश वेगळे, घाव तोच.

१९५९ मध्येसुद्धा, नोबेल मिळून नऊ वर्षं झालेली, न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्समधल्या टेनिस क्लबने त्यांच्या मुलाला रंगावरून सभासद करायला नकार दिला. बातमी झाली, क्लबने माफी मागितली, सभासदत्व देऊ केलं, बंचनी ते घेतलं नाही. त्यांचं म्हणणं होतं की हे मोठ्या माणसाच्या मुलाला मिळालं म्हणून सामान्य काळ्या माणसाला काय उपयोग.

परत शिकवायला गेले का?

नाही, आणि मला याचं वाईट वाटतं. हार्वर्डने १९५० ला प्राध्यापकपद दिलं, ते रजेवर रजा घेत राहिले, शेवटी १९५२ ला राजीनामा दिला, एकही दिवस शिकवलं नाही. १९५३-५४ ला अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेचे अध्यक्ष झाले, तिथलेही पहिले कृष्णवर्णीय. पण नवं पुस्तक काही आलं नाही. आफ्रिकेवर एवढा मालमसाला जमवलेला होता, त्याचं जे पुस्तक व्हायला हवं होतं ते झालंच नाही. सार्वजनिक कामात गेलेल्या अभ्यासकाचं हे नुकसान होतं, दुसऱ्यांसाठी मसुदे लिहिता लिहिता स्वतःचं राहून जातं. मुलांना मी हेही सांगते, नुसती आरती ओवाळत नाही.

कम्युनिस्ट होते म्हणे?

नव्हते. सिनेटर मॅकार्थीच्या काळात, म्हणजे अमेरिकेत सगळीकडे कम्युनिस्ट शोधले जात होते तेव्हा, त्यांच्या तिशीतल्या लिखाणावरून आणि त्या निग्रो काँग्रेसवरून १९५४ मध्ये निष्ठा तपासणाऱ्या मंडळासमोर चौकशी झाली, दोन दिवस उत्तरं दिली, मंडळाने एकमताने निर्दोष ठरवलं.

शांतिसेना आणि भारताचा संबंध काय?

भरपूर आहे. १९५६ ला सुएझ कालव्यावरून ब्रिटन, फ्रान्स, इस्रायल इजिप्तवर तुटून पडले, तेव्हा कॅनडाचे परराष्ट्रमंत्री पिअर्सन यांनी युनोची फौज मध्ये उभी करायची कल्पना मांडली आणि ती काही दिवसांत उभी करायचं काम सरचिटणीस हॅमरशोल्ड आणि बंच यांच्यावर आलं. कोणाकडून किती सैनिक, जेवण कोण देणार, विमानं कुठून, गणवेश काय. गणवेशावरून एक गंमत, निळ्या टोप्या शिवून यायला वेळ लागणार होता म्हणून अमेरिकन हेल्मेटच्या आतल्या कवचांना निळा रंग फवारला, तिथून निळं हेल्मेट आलं. त्या फौजेत भारतीय तुकडी होती, पुढे आपले जनरल ग्यानी सगळ्या फौजेचे प्रमुख होते आणि १९६७ ला ती फौज मागे घेतली तेव्हा प्रमुख जनरल रिखी होते, त्या जूनमध्ये गाझात आपले जवान मारले गेले.

१९६० ला काँगो स्वतंत्र झालं तेव्हा बंच तिथेच होते, आठवड्याभरात सैन्याने बंड केलं आणि युनोच्या मोहिमेची पहिली सूत्रं त्यांच्याकडे आली. कटांगा हा प्रांत काँगोतून फुटून निघाला होता, तिथे जाऊन आले आणि कळवलं की आत्ता फौज घातली तर रक्तपात होईल, थांबा. यावरून त्यांच्यावर टीका झाली, आजही होते. त्याच सप्टेंबरमध्ये ती खुर्ची आपल्या राजेश्वर दयाळांकडे गेली, आणि १९६१ च्या डिसेंबरमध्ये तिथेच कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया धारातीर्थी पडले, परमवीर चक्र मिळालेले.

१९६५ च्या भारत-पाक युद्धानंतर शस्त्रसंधीवर देखरेख करायची युनोची व्यवस्थासुद्धा मुख्यालयातून बंच बघत होते. शिवाय येमेन, सायप्रस, आणि शेवटी १९७० ला बहारीन, इराणचा दावा होता, युनोने तिथल्या लोकांचं मत विचारलं, गोळी न झाडता मिटलं. या कामाचं नाव फार कोणाला माहीत नाही कारण काही बिघडलंच नाही.

काळ्यांच्या चळवळीपासून लांब राहिले असा आरोप आहे ना?

आहे. साठच्या दशकातले काही तरुण नेते म्हणायचे की हा गोऱ्यांच्या दिवाणखान्यातला माणूस आहे. मला हे अन्यायाचं वाटतं. आंतरराष्ट्रीय नोकर म्हणून त्यांच्यावर बंधनं होती, तरी १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात होते, आणि १९६५ ला काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा गावापासून निघालेल्या मोर्चात किंग यांच्याबरोबर पहिल्या रांगेत चालले, पाय दुखत असताना, साठी ओलांडलेली, मधुमेह अंगात मुरलेला.

घरच्यांचं काय?

रूथना लिहिलेली पत्रं आहेत, बहुतेक पत्रांत लवकर येतो असं असतं आणि येणं होत नसे. तीन मुलं. मधली मुलगी जेन १९६६ मध्ये गेली, ते दुःख शेवटपर्यंत होतं.

शेवटची वर्षं?

मधुमेहाने दृष्टी जवळपास गेली होती. राजीनामा द्यायचं म्हणत होते, सरचिटणीस यू थांट सोडत नव्हते. ९ डिसेंबर १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये गेले, म्हणजे बांगलादेशचं युद्ध ऐन भरात होतं आणि युनोत भारत-पाकवर वादावादी चालू होती त्याच आठवड्यात.

वर्गात हे कसं शिकवता?

वर्गाचे दोन गट करत नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन्ही अहवाल लिहायचे, फाळणीच्या बाजूचा एक आणि एकसंध देशाच्या बाजूचा एक, दोन्ही तितक्याच मनापासून, आणि मग शेजारच्याने वाचून ओळखायचं की लिहिणाऱ्याचं खरं मत कुठलं आहे. ओळखता आलं तर परत लिहायचं. मागच्या वर्षी एका मुलीने चार वेळा लिहिलं. चौथ्या वेळी मलाही ओळखता आलं नाही.